शाळा सुटल्यानंतरचे तास : किशोरवयीन मुले आणि गांजा

नागपुरातील महाल हा भोसल्यांच्या राजवटीपासूनचा वस्तीचा भाग होय. बडकस चौक, केळीबाग रस्ता, तुळशीबाग, चिटणीस पार्क, गांधी गेट ही नावे उच्चारली की जुन्या नागपूरचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. जुने वाडे, रस्त्याच्या अंगाला थाटलेली दुकाने, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे आणि अरुंद गल्ल्या असे या भागाचे रूप आहे. येथे शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, शिकवणी वर्ग आहेत; खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठी आलेल्या मुलांच्या भाड्याच्या खोल्या आणि अभ्यासिकाही आहेत. मुलांची अशी वर्दळ असलेल्या कोणत्याही शहरी वस्तीपुढे जो प्रश्न आज उभा आहे, तो महालपुढेही आहे. तेरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना गांजापासून दूर कसे ठेवावे, हा तो प्रश्न.

या प्रश्नाला आपण सर्वांनी मिळून एक ठराविक उत्तर शोधून ठेवलेले आहे. दरवर्षी २६ जून रोजी अमली पदार्थ विरोधी आंतरराष्ट्रीय दिन येतो. त्या दिवशी प्रभातफेरी निघते. मुले शपथ घेतात. भित्तिपत्रकांवर कवटी आणि हाडे रंगविली जातात. पाहुणे कायद्याची कलमे वाचून दाखवितात, क्वचित एखादा व्यसनमुक्त गृहस्थ आपली करुण कहाणी सांगतो, आणि आभारप्रदर्शनानंतर वर्षभराचे कर्तव्य पार पडते. अशा कार्यक्रमांची वृत्ते प्रसृत करण्याचे काम माहिती खात्याकडे येत असल्याने त्यांची संख्या आम्हांस चांगलीच ठाऊक आहे. त्यांचा परिणाम किती, हे मात्र वृत्तात कोठेच नसते.

याविषयी जगभर पुष्कळ अभ्यास झाला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधक कार्याची आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने त्यांची सुधारित आवृत्ती काढली. नुसती माहिती देणारी भाषणे, भीती घालणारी चित्रे आणि माजी व्यसनींची शाळेतील आत्मकथने यांचा मुलांच्या वर्तनावर इष्ट परिणाम होत असल्याचे आढळत नाही, असे त्यांत नमूद आहे. अमेरिकेचा अनुभवही याहून वेगळा नाही. १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘डेअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन धडे देत. हा उपक्रम देशभर पसरला, पालकांना आवडला, पुढाऱ्यांना आवडला. परंतु ज्यांनी तो पूर्ण केला आणि ज्यांनी केला नाही अशा मुलांची तुलना केली, तेव्हा काही वर्षांनी दोघांत फरक उरत नाही असे दिसून आले. अखेर त्या संस्थेलाच आपला अभ्यासक्रम बदलावा लागला.

मग करावे काय? त्यासाठी प्रथम गांजा म्हणजे काय, आणि मुलांच्या मनात त्याविषयी कोणते समज आहेत, हे पाहिले पाहिजे.

जुनी वनस्पती, नवे वय

गांजा आपल्या भागाला नवा नाही. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना निमाड जिल्ह्यातील खांडवा येथे सरकारी देखरेखीखाली गांजाची लागवड होत असे आणि परवानाधारक दुकानांतून तो विकला जाई. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने ११९३ साक्षीदार तपासून सात खंडांचा अहवाल सादर केला. माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिसेवनाने होते, असा त्याचा निष्कर्ष होता. हा अहवाल आजही गांजाचे समर्थक हिरीरीने पुढे करतात. तो लपविण्याचे कारण नाही. परंतु तो एकोणिसाव्या शतकातील प्रौढ सेवनकर्त्यांविषयी होता. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूत काय घडते, हे जाणून घेण्याची साधने त्या काळी कोणापाशीच नव्हती. गांजातील मुख्य मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित झाली, ती १९६४ मध्ये, इस्रायलमध्ये.

तेव्हापासून जे ज्ञान हाती आले, त्याचा सारांश असा. मानवी मेंदूची जडणघडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. पुढचा विचार करणे, मोह आवरणे, लक्ष एकाग्र करणे ही कामे ज्या भागाकडे आहेत, तो भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. गांजातील द्रव्य नेमके याच जडणघडणीत भाग घेणाऱ्या रासायनिक यंत्रणेत हस्तक्षेप करते. नुकतेच वाचलेले ध्यानात न राहणे, धडा अर्धवट सोडून देणे, सकाळी उठण्याचा कंटाळा ही त्याची नित्याची लक्षणे. दहावी-बारावीच्या वर्षात ती किती महाग पडतात, हे शिक्षकांना सांगावयास नको. गांजा घेणाऱ्या सर्वांनाच त्याची सवय जडते असे नाही. साधारणतः दहांतील एकाला जडते. पण किशोरवयात प्रारंभ करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एक असे वाढते. आणखी एक गंभीर बाब मनोविकाराची. स्वीडनमध्ये लष्करी भरतीस आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेण्यात आला. पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्या तरुणांत स्किझोफ्रेनिया या आजाराचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. १९८७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गांजा हे त्या आजाराचे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. परंतु आपल्या घरात तो धोका आहे की नाही, हे सोळा वर्षांच्या मुलाला कोठून ठाऊक असणार?

मुले दोन युक्तिवाद हमखास करतात. पहिला असा की, ही तर शंकराची बुटी, महाशिवरात्रीला वडीलधारी मंडळीही भांग घेतात. यावर रागावून उपयोग नाही. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे; केंद्रीय कायदा या दोहोंत भेद करतो. पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार भांगही परवान्याविना बाळगता येत नाही. शिवाय जो साधू चिलीम ओढतो त्याने संसार, नोकरी आणि परीक्षा या तिन्हींचा आधीच त्याग केलेला असतो, हेही मुलांना सांगावे. ती हसतात, आणि पुढचे ऐकतात.

दुसरा युक्तिवाद परदेशांचा. भ्रमणध्वनीवर जगाच्या बातम्या वाचणारा मुलगा म्हणतो, कॅनडात गांजा कायदेशीर आहे, जर्मनीत आहे. खरे आहे. कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना ही मुभा दिली. पण कॅनडात प्रांतानुसार अठरा ते एकवीस वर्षे, जर्मनीत अठरा वर्षे आणि अमेरिकेतील ज्या राज्यांनी प्रौढांना मुभा दिली तेथे एकवीस वर्षे अशी वयाची अट आहे. ज्या देशांनी दार उघडले, त्यांनीसुद्धा मुलांसाठी ते बंदच ठेवले आहे. कायद्याच्या दहा कलमांपेक्षा ही एक गोष्ट वर्गात अधिक परिणाम करते.

आकडे काय सांगतात

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील दहा ते पंचाहत्तर वयोगटातील सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी मागील वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही घेतले होते. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत ही संख्या सुमारे २० लाख, म्हणजे शंभरांत एकाहूनही किंचित कमी होती.

वीस लाख मुले हा आकडा चिंतेचा आहेच. परंतु त्याची दुसरी बाजू शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. शंभरांतील नव्याण्णव मुले हा पदार्थ घेत नाहीत. किशोरवयीन मुलाला वाटत असते की, ‘सगळेच घेतात, मीच मागे आहे.’ आपली भाषणे, मथळे आणि फलक ‘तरुण पिढी व्यसनाच्या विळख्यात’ असे ओरडून सांगतात, तेव्हा आपण त्याच्या याच गैरसमजाला शासकीय शिक्का मारीत असतो. ‘तुझ्या वर्गातील बहुतेक मुले गांजा घेत नाहीत’ हे वाक्य सौम्य आहे, बातमीला निरुपयोगी आहे; पण खरे आहे, आणि मुलाला बळ देणारे आहे.

सायंकाळी पाच ते आठ

शाळा सुटते आणि आईवडील कामावरून परततात, या दोहोंच्या मधला वेळ कोणाचाच नसतो. महालातील पुष्कळ घरे दोन खोल्यांची. मुलगा घरात बसणार नाही, त्याला बसवूही नये. तो चौकात उभा राहतो, कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी रेंगाळतो. विदर्भात येथे प्रथम भेटतो तो खर्रा. घोटून दिलेला खर्रा घेण्यात मुलाला आणि दुर्दैवाने त्याच्या काकालाही काही गैर वाटत नाही. त्यानंतर सिगारेट, आणि कधी तरी कोणी थोरला मित्र सिगारेटीतील तंबाखू झाडून तीत दुसरे काही भरून देतो. पहिली चिलीम अनोळखी विक्रेत्याकडून मिळते ही समजूत चुकीची आहे. ती बहुधा मित्राकडून आणि फुकट मिळते.

या रिकाम्या वेळेवर आइसलँड या देशाने केलेले काम अभ्यासनीय आहे. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी १७ टक्के मुलांनी गांजा किंवा चरस यांची चव घेतलेली होती आणि ४२ टक्के मुले मागील महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ७ आणि ५ टक्क्यांवर आले. तेथे त्यांनी भाषणे वाढविली नाहीत. खेळ, संगीत, नृत्य यांच्या मंडळांना सरकारी पैसा दिला. मुलांची वर्गणी नगरपालिकेने उचलली. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री ठराविक वेळेनंतर एकटे बाहेर राहू नये असा नियम अमलात आणला. पालकांनी शाळेत एकत्र येऊन आपसांत करार केले. शाळाशाळांतून नियमित पाहणी करून तिचे निष्कर्ष त्या त्या वस्तीला लवकर कळविण्यात येत. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, तर एकट्या नागपूर शहराची २०११ च्या जनगणनेनुसार २४ लाखांच्या वर. तेव्हा त्यांचे जसेच्या तसे येथे उतरविता येणार नाही. पैशाचीही बरोबरी नाही. पण मुलाची संध्याकाळ जाणत्या माणसांच्या नजरेखाली आणि आवडत्या कामात गेली पाहिजे, हे सूत्र समजावयास श्रीमंत देश लागत नाही.

महालात ही सामग्री पूर्वापार आहे. जुन्या वस्तीतून आखाड्यांची परंपरा होती. जेथे माती अद्याप शिल्लक आहे तेथे वस्ताद मिळतात, शिष्य मिळत नाहीत. गणेशोत्सवाची मंडळे दहा दिवस मुलांकडून अहोरात्र काम करवून घेतात आणि अकराव्या दिवशी त्यांना विसरतात. चिटणीस पार्कसारखी मोकळी जागा सभा-समारंभांनाही लागते, त्यामुळे खेळासाठी तिचे वेळापत्रक असावे लागेल. शाळांची मैदाने सायंकाळी कुलूपबंद असतात. मैदान उघडे ठेवण्यास शिपाई कोठून आणावा, असा प्रश्न मुख्याध्यापक विचारतात, आणि तो रास्त आहे. त्यावर तोडगा असा की, वस्तीतील मंडळाने दोन जबाबदार प्रौढांची नावे द्यावीत, शाळेने किल्ली द्यावी आणि नगरसेवकाने दिव्याची सोय करावी. एवढ्यासाठी नव्या योजनेची वाट पाहावी लागू नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य नागपुरातून निघणाऱ्या मारबतींचा येथे उल्लेख केल्याविना राहवत नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, आणि त्यांच्यासोबत महागाई, भ्रष्टाचार, व्यसने अशा समाजातील पीडांचे बडगे निघतात. हे बडगे गल्लीतील मुलेच करतात. कागद, बांबू, जुने कपडे आणि उपरोधिक फलक यांवर आठ-पंधरा दिवस संध्याकाळभर राबणाऱ्या त्या मुलांना चौकात रेंगाळावयास फुरसत नसते. बडग्यावर ‘गांजा’ लिहिले आहे की ‘डास’, याला आमच्या मते फारसे महत्त्व नाही. त्यांच्यासोबत कोणी थोरला माणूस बसलेला आहे, याला आहे.

मुलींचाही विचार व्हावा. मैदान म्हटले की ते मुलांचे, ही समजूत अजून गेलेली नाही. मुलींसाठी वेगळी वेळ, सोबत महिला शिक्षिका आणि परतीच्या वाटेवर उजेड या तीन गोष्टी नसतील तर ‘सर्वांसाठी खुले’ या पाटीला अर्थ उरत नाही.

बोलावे कसे

‘घेशील तर बघ’ हे वाक्य बहुतेक घरांत एकदा उच्चारले जाते आणि त्यानंतर विषय बंद होतो. त्याऐवजी मुलाला विचारावे, कोणी पुढे केलेच तर तू काय म्हणशील? नकार हा आयत्या वेळी सुचत नाही, त्याचा सराव लागतो. वर्गात शिक्षकांनी मुलांकडूनच वाक्ये काढून घ्यावीत. ‘नाही बे, सकाळी प्रॅक्टिस आहे’ हे त्यांच्या बोलीतील वाक्य पाठ्यपुस्तकी नकारापेक्षा अधिक टिकते. कारण त्यात मित्राचा अपमान नाही आणि स्वतःचा कमीपणाही नाही. मुलाने खरे सांगितले तर त्याला मार मिळणार नाही, अशी खात्री त्याला आईवडिलांपैकी निदान एकाकडून तरी असावी. एरवी तो सांगेल ते मित्राला, आणि मित्राचा सल्ला काय असेल ते उघड आहे.

लाल डोळे, अवेळी भूक, घटती हजेरी, पैशाची चणचण, जुने मित्र सुटणे या खुणा शिक्षकांनी ओळखाव्यात. मात्र याच खुणा नैराश्याच्या, घरातील भांडणाच्या किंवा रात्रभर भ्रमणध्वनी पाहण्याच्याही असू शकतात. वर्गासमोर दप्तर उलटे करून झडती घेणाऱ्या शिक्षकाला दहांपैकी नऊ वेळा काही सापडणार नाही, आणि तो मुलगा कायमचा दुरावेल.

कायदा : मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये गांजा पिकविणे, बाळगणे, विकणे, नेणे आणि सेवन करणे हे सर्व गुन्हे आहेत. एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ मानले जाते. पण अल्प म्हणजे माफ नव्हे. त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वीस किलोहून अधिक अशा व्यापारी प्रमाणास किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. नागपूर हे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण लोहमार्गांचे मोठे जंक्शन असल्याने ओडिशा व आंध्र प्रदेशाच्या डोंगराळ भागातून निघालेला माल येथील रेल्वे स्थानकावर वेळोवेळी पकडला जातो. ‘एवढी बॅग त्या गाडीतून उतरवून दे’ असे सांगणाऱ्यास नेमका शाळकरी चेहराच हवा असतो, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे.

मोठ्यांसाठी कायदा अधिक कडक आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास, आणि कलम ७८ नुसार अशा पदार्थांच्या विक्री-वाहतुकीसाठी मुलाचा वापर करणाऱ्यास, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. शाळेच्या दारातून किती पानठेले दिसतात, हे मुख्याध्यापकांनी एकदा मोजावे.

पंचायत सदस्यांनी १९८५ च्या अधिनियमातील कलम ४७ अवश्य वाचावे. कापसात किंवा तुरीत लपविलेली गांजाची झाडे सरपंच, पंच अथवा कोणत्याही ग्राम अधिकाऱ्याच्या माहितीस आली, तर ताबडतोब पोलिसांना कळविणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. ‘गावातलाच माणूस आहे’ म्हणून डोळेझाक केल्यास तो स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. महालातील खोल्यांत राहणारी मुले याच गावांतून येतात.

आणि एक तरतूद अशी, जी पालकांना सहसा कोणी सांगत नाही. कलम ६४ अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार मागितले, तर तिच्यावर खटला चालविला जात नाही. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याची ओळख उघड करण्यास बंदी आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्या कुटुंबाला ही माहिती वेळेवर मिळाली, तर एक वर्ष वाचते.

उपचाराची वाट

गांजाची सवय सुटताना चिडचिड, निद्रानाश, भूक मंदावणे असा त्रास होतो. पहिल्या आठवड्यात तो तीव्र असतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुधा ओसरतो. यावर रामबाण औषध नाही. समुपदेशन, घरच्यांची साथ आणि दिनक्रमाची घडी यांवरच मुख्य भिस्त असते. औषधाशिवाय ‘चोवीस तासांत मुक्ती’ देणाऱ्या जाहिरातींपासून, तसेच मुलांना कोंडून ठेवणाऱ्या बिनपरवाना केंद्रांपासून सावध राहावे. महालच्या रहिवाशांना मेयो म्हणून परिचित असलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे. मेडिकलमध्ये आणि प्रादेशिक मनोरुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञ आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो; अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती १९३३ वर नाव न सांगता देता येते.

उपचार घेत असलेल्या मुलाचे नाव शाळेने पटावरून कमी करू नये. त्याला शाळेतून काढले की संध्याकाळबरोबर सकाळही रिकामी होते, आणि त्या सकाळी त्याच्यासोबत कोण असेल हे चौकातील पानठेलेवाल्याला विचारल्यास कळेल. वैद्यकीय रजा मांडावी, बुडालेले धडे एखाद्या सहाध्यायाकरवी घरी पोहोचवावेत आणि तो परत येईल तेव्हा त्याचा बाक जागेवर असावा.